वन्समोरनंतर

माझाच आवाज स्वयंपाकघरातून ऐकू आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. शुक्रवारची सकाळ, आखातातल्या सुट्टीची, आमच्या अल थुमामावरून विमानं एकामागून एक उतरत होती, आणि त्या घरघरीतून माझा आवाज, जरा नाटकी, जरा वर चढलेला, कुठल्याशा हॉलमध्ये घुमत होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी ओला पायजमा हातात घेऊन आत गेले. एडविन, माझा नवरा, चर्चमध्ये मिसाला जायचा शर्ट घालून ओट्याशी उभा होता आणि मोबाईल बरणीला टेकवून बघत होता. "लवी, तू तर वसईत पोचलीस," तो म्हणाला. "दादाने पाठवलंय. त्याला मामेभावाने. त्याला आणि कोणी." पडद्यावर मी होते, मोरपंखी साडीत, माईक हनुवटीला चिकटवून. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "अरबी बाईनेच फाडला बुरखा! सत्य ऐका, पुढे पाठवा." पुढे ज्वाळा, पुढे झेंडा. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडत होते, "माझी मैत्रीण तसनीम, मूळची सुदानची, आमच्याच क्लिनिकमध्ये भाषांतराचं काम करते," आणि मी हसत होते. मला त्या हसणाऱ्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सिमोना दात घासत बाहेर आली आणि फेसाळ तोंडाने म्हणाली, "मम्मा, यू आर व्हायरल." तिच्या आवाजात कौतुक होतं. तिला कविता कळली नव्हती, व्हायरल कळलं होतं. पायजम्याचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं आणि एडविनने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

परिचय. कवीचा परिचय दिल्याशिवाय आपल्याकडे कविता वाचत नाहीत. कुठली, काय करते, कुठे काम करते, आईबरोबर राहते, सगळं सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्यांना घरचं वाटतं. मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता, द पर्लमधल्या एका टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये. शैलजाताई इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी, त्यांनी महिनाभर आधी फोन केला होता, "लवीना, तू ती अरबी कविता मराठीत केलीयस ना, तीच वाच. वेगळं काहीतरी होईल." मंडळात इतकी वर्षं जाते मी. दरवर्षी कोणी ना कोणी नवीन आलेलं विचारतं, "अय्या, तुम्ही घरी मराठीच बोलता?" मग मी सांगते, हो, वसईच्या आम्ही, आमच्या पणज्यासुद्धा मराठीतच भांडायच्या. मग ते म्हणतात, किती छान. त्या 'किती छान'ची मला सवय झाली होती, चपलेतल्या खड्याची होते तशी. तर मी उभी राहिले आणि वाचलं:

आमच्याकडे देवाला एकच खुर्ची आहे
आणि ती पोलीस ठाण्यात आहे.
राष्ट्राध्यक्ष आला की देव उठून उभा राहतो,
बाई आली की बसून घेतो.
मी विजार घातली म्हणून मला मारणाऱ्याने
मारण्याआधी देवाचं नाव घेतलं
आणि मारून झाल्यावर घाम पुसला.
मग एका सेनापतीने दुसऱ्यावर तोफा डागल्या,
दोघांच्या तोंडी तेच नाव,
आणि मध्ये माझ्या आईचं स्वयंपाकघर.

इथे मी श्वास घ्यायला थांबले. कविता इथे संपत नाही, इथे ती वळते. पण मी थांबले आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!" मग दुसरा, मग अख्खा हॉल. आता वन्समोर आला तर देणार नाही असा मराठी माणूस जन्माला यायचाय. नाटकात मेलेला माणूससुद्धा उठून गाणं पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. मी दिला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी हात वर करून, 'बाई आली की बसून घेतो' यावर जरा थांबून. टाळ्या थांबेनात. शैलजाताई स्टेजवर चढल्या, मला मिठी मारली, माईक घेतला आणि म्हणाल्या, "ही आपली लवीना! काय धाडस आहे बघा! आपल्यात बसून गप्पा मारणारे खूप आहेत, पण त्यांच्याच देशात राहून हे बोलायला छाती लागते." आणि मला पाण्याची बाटली दिली, झाकण उघडून. "घे, घसा सुकला असेल." मी गटागटा प्यायले. पुढचा कार्यक्रम लावणीचा होता, मुली घुंगरं बांधून तयार होत्या, आणि मी खाली उतरले. उरलेला कागद माझ्या हातात होता. वाचू का, असं मी कोणालाही विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. 'आपली' हा शब्द माझ्या अंगावर शालीसारखा होता आणि मला तो काढायचा नव्हता. चिवड्याच्या टेबलापाशी एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन लोक शांत, तुमचा कधी त्रास नाही. पण हे!" आणि त्यांनी हाताने खिडकीबाहेर दाखवलं. बाहेर फक्त बोटी होत्या. मी हसले. मी तेव्हाही हसले होते, हे मला आज आठवतंय आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

मिसाला मी गेले नाही. एडविनला म्हटलं, तुम्ही दोघं जा. तो म्हणाला, "अगं, तिथे सगळे तुझं अभिनंदन करतील." म्हणूनच, म्हटलं. तसनीमचं घर दोन गल्ल्या मागे आहे. चालत गेले. मशिदीकडे निघालेले लोक होते, पांढरे थोब, शलवार-कमीज, कंपनीचे निळे कपडे, आणि प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलकडे माझी नजर जात होती. यातल्या कोणाकडे असेल? मराठी कोणाला कळतंय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण नाव कळायला भाषा लागत नाही. तसनीम. सुदान. क्लिनिक. आमच्या पेशंटांमध्ये हैदराबादचे आहेत, औरंगाबादचे आहेत. घरात मराठी-उर्दू दोन्ही चालणारी माणसं आहेत. हे मला परिचय देताना माहीत नव्हतं का? होतं. इथे आपण सगळेच तोंड सांभाळून असतो, ऑफिसात, टॅक्सीत, लिफ्टमध्ये. फक्त मराठी बोलायला लागलं की आपल्याला वाटतं आता दार लावलं, आता काहीही बोला. शेजारी बसलेल्या माणसाबद्दल त्याच्यासमोर बोलायची आपली ती घाणेरडी सवय. दार कुठेच नव्हतं. शैलजाताईंचे मिस्टर पहिल्या रांगेत बसून सगळं रेकॉर्ड करत होते.

ती कविता आम्ही मराठीत क्लिनिकच्या पॅन्ट्रीत केली होती, जेवणाच्या सुट्टीत. मी इन्शुरन्सच्या अप्रूव्हलचं काम बघते, ती डॉक्टरांचे रिपोर्ट अरबीत करते आणि घाबरलेल्या बायकांना समजावते. ती ओळ अरबीत म्हणायची, मग इंग्रजीत, मग मी मराठीत. मी पहिल्यांदा 'अल्ला' लिहिलं होतं. ती म्हणाली, "तुझी आई त्याला काय म्हणते?" म्हटलं, देव. "मग तेच लिही. मी कुठल्या एका नावाशी भांडत नाहीये. माझी आई नमाज पढते, तिची चटई मी धुते. त्या नावाने मला झोडपणाऱ्याशी माझं भांडण आहे, आणि त्याला खुर्ची देणाऱ्याशी." म्हणून मी 'देव' लिहिलं, आणि त्या हॉलमध्ये दोनशे माणसं बसली होती जी उठता-बसता देव म्हणतात, आणि एकालाही तो आपला वाटला नाही. मलाही नाही. माझी आतेबहीण ग्लोरिया विहिरीत सापडली तेव्हा आमच्या फादरनी घंटा वाजवू दिली नव्हती. आत्महत्या केलेल्याला घंटा नाही, म्हणाले. आते दारात बसून राहिली, आणि गावातल्या बायका, माझी आईसुद्धा, फादरना चहा करून देत होत्या. हे सगळं त्या ओळी लिहिताना माझ्या मनात आलं होतं. लिहिताना आलं, वाचताना नाही. वाचताना मी फक्त बाहेरच बघत होते, त्या गृहस्थांच्या हातासारखी.

दार तसनीमच्या आईने उघडलं. आम्ही तिला हाज्जा म्हणतो. ती सुदानच्या लढाईतून, ओम्दुरमानहून आली तेव्हा तिच्याकडे एक पर्स होती आणि पर्समध्ये घराची किल्ली. घर राहिलेलं नाही, किल्ली आहे. तिने माझा हात धरून मला बसवलं, अरबीत बरंच काही बोलली, आणि आधी पाणी आणलं, मग करकदेचं लाल सरबत. तसनीम आतून आली. केस बांधलेले, चष्मा डोक्यावर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "क्लिनिकमधून फोन आला होता. रविवारी लवकर ये म्हणाले."

"तू पाहिलंस?"

"हो. कोणीतरी इंग्रजी भाषांतरही घातलंय खाली. साडी छान आहे."

"तसनीम, मी ते पसरवलं नाही."

"मला माहीत आहे. तू दोनदा वाचलंस," ती म्हणाली. "पहिला भाग दोनदा. मी मोजत बसले, दुसरा कधी येतोय म्हणून."

मग मी सांगितलं. वन्समोर म्हणजे काय हे तिला समजावायला मला बराच वेळ लागला. तिला वाटलं मी बहाणा सांगतेय. मग ती हसायला लागली, आणि मला तिचं हसणं सहन होईना. मी म्हटलं, "चिड ना माझ्यावर! ओरड!" ती म्हणाली, "चिडलेच आहे. पण तुझ्या मनासारखी चिडणार नाही. तुला शिक्षा हवीय, म्हणजे तुला बरं वाटेल." मग सरबताच्या ग्लासाकडे बघत, "खार्तुमला एकदा एका सरकारी मासिकाने हीच कविता छापली होती, तोफांच्या ओळी यायच्या आधीची. त्यांनी पहिला भाग काढला आणि दुसरा ठेवला. 'आता तू, दुसऱ्या भाषेत ऐकणारा.' वर लिहिलं, आमच्या कवयित्रीने परक्यांना सुनावलं. तेव्हाही टाळ्या पडल्या. माझी अख्खी कविता अजून कुठेच कोणी ऐकलेली नाही, लवीना. लोक आपापल्या सोयीने अर्धी नेतात." ती शांतपणे बोलत होती, पण तिचा अंगठा ग्लासाच्या काठावर घासत होता आणि नख पांढरं पडलं होतं. "नोकरी गेली तर इकामा जाईल, इथे राहता येणार नाही. बहिणीकडे, राबियाकडे कैरोला जावं लागेल, तिच्या दोन खोल्यांत आधीच सहाजण आहेत. आईला पुन्हा बांधाबांध करायला मी कुठल्या तोंडाने सांगू? तिने इथे आत्ता कुठे कुंडी घेतलीय." खिडकीत कुंडी होती, पुदिन्याची. हाज्जाने माझा रिकामा ग्लास बघितला आणि पुन्हा पाणी ओतलं. मला त्या कवितेची शेवटची ओळ आठवली आणि मी ग्लास खाली ठेवला. तसनीमने ते पाहिलं. "त्या दिवशी स्टेजवरून उतरल्यावर काय केलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, शैलजाताईंनी पाणी दिलं, मी प्यायले. तिने तो ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बघ, कवितेने तुला बरोबर ओळखलं."

संध्याकाळी द पर्लला शैलजाताईंच्या घरी श्रमपरिहार होता. कार्यक्रम झाला की राबलेल्यांना जेवू घालायचं, मग सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटायची. मी जाणार नव्हते. पण दुपारभर घरात भांडी आपटत होते, एडविन म्हणाला, "तू नीट फोन करून सांग ना त्यांना, क्लिप काढा म्हणून," आणि मी फोन केला. शैलजाताई म्हणाल्या, "अगं, आता ती आपल्या हातात कुठे राहिली? आणि काढायची कशाला? तिने जे सोसलं तेच आहे ना? खोटं आहे का काही?" म्हटलं, तिची नोकरी जाईल. "अरेरे," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं, बाई वाईट नाही. "बिचारी. बघ, म्हणजे किती खरं लिहिलंय तिने! ये तू संध्याकाळी, बोलू. पुरणपोळ्या आहेत." मी फोन ठेवला आणि साडी नेसले. तीच, मोरपंखी.

त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आहे आणि त्यावर मी होते. आत शिरले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टीव्हीतल्या मला आणि दारातल्या मला एकाच वेळी. खिडकीखाली मरीना झगमगत होता. तुपाचा वास, हसणं, कुणाच्या तरी नागपूरच्या काकांनी क्लिप तीन ग्रुपवर टाकली याचं वर्णन. मेसईदच्या खतकारखान्यातले एक इंजिनिअर, नेहमी माझ्या मुलीला चॉकलेट देणारे, म्हणाले, "आपण बोललो तर आपल्याला नावं ठेवतात. आता त्यांचीच बाई बोलतेय, आता काय कराल?" आणि मला दिसलं की तसनीम यांच्यासाठी बाई नाहीच, काठी आहे. तिच्या पाठीवरचे वळ यांना हवेत. ती बरी झाली, नोकरीला लागली, कुंडी घेतली, याच्याशी यांना काही करायचं नाही. आणि हे वाईट लोक नाहीत, यांनी माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर डबे पाठवले होते. याचाच मला जास्त राग आला. कोणीतरी म्हणालं, "लवीनाताई, प्रत्यक्ष होऊन जाऊ दे! वन्समोर!" मी टीव्हीचा रिमोट उचलला आणि बंद केला. पर्समधून कागद काढला. त्याच्या घड्या उलगडल्या. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही पहिलं कडवं दोनदा ऐकलंत. हे दुसरं आहे. तिचंच." शैलजाताईंचे मिस्टर कौतुकाने मोबाईल वर धरून बसले. मी वाचलं:

आता तू. हो, तूच, दुसऱ्या भाषेत ऐकणारा.
तुला माझी कविता आवडली
कारण तिच्यात माझं घर जळतंय.
जरा वास घे, धूर कुठून येतोय?
तुझ्या ठाण्यातल्या खुर्चीवर कोण बसलंय?
तुझ्या गल्लीत मारण्याआधी कुणाचं नाव घेतात?
मारून झाल्यावर त्याच्या हातात पाणी कोण देतं?
वर बघू नकोस, मीही सुटलेली नाही.
मला मारणारा आमच्या शेजारचा मुलगा होता,
उन्हात त्याला तहान लागली होती,
आणि मला न्यायला आलेल्या माझ्या आईने
आधी त्याला पाणी दिलं.

मला वाटलं होतं कोणी ओरडेल, भांडेल. मी भांडायला आले होते, माझी तयारी होती. मी ग्लोरियाचं सांगणार होते, आमच्या फादरचं, चहाचं. मग मी त्यांना विचारणार होते की गेल्या वर्षी तुमच्या गावाकडे प्रार्थनेला जमलेल्यांना झोडपलं, त्याचा व्हिडिओ याच ग्रुपवर आला होता, त्याखाली हसणारे चेहरे कोणी टाकले होते? पण काही झालंच नाही. मोबाईल मध्येच कधीतरी खाली गेला होता. कोणीतरी खुर्ची सरकवली. इंजिनिअर ताटातल्या पोळीकडे बघत होते. शैलजाताई उठल्या, म्हणाल्या, "चला, चला, गरम आहे तोवर घ्या," आणि सगळे एकदम उठले, एकदम बोलायला लागले, पार्किंगबद्दल, शाळेच्या परीक्षांबद्दल. माझ्याभोवती जागा मोकळी झाली. घसा कोरडा पडला होता. टेबलावर बाटल्या रांगेने होत्या, माझ्या हाताच्या अंतरावर, पण मी घेतली नाही आणि कोणी दिली नाही. 'आपली' गेली. ती शाल कोणी ओढून काढली नाही, ती माझ्या अंगावर नव्हतीच, असं सगळे वागत होते. मी खाली आले, टॅक्सीत बसले आणि घर येईपर्यंत रडले, रागाने. दुःखाने रडायला मला वेळ नव्हता.

रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, त्यांनी तिला काढलं. काढलं म्हणाले नाहीत. पेशंटांच्या भावना, क्लिनिकचं नाव, काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. मॅनेजर आपल्याच देशातला, केरळचा, रोज सकाळी गणपतीच्या फोटोला नमस्कार करून कॉम्प्युटर लावणारा, तो तिच्याशी फार सभ्यपणे बोलला. मी आत घुसले आणि म्हणाले, वाचलं मी, परिचय मी दिला, तिने काय केलं? तो म्हणाला, "लवीना, प्लीज, तुमचंही नाव आलं होतं. तुमच्यासाठी मी शब्द टाकलाय." मला तो शब्द त्याच्या तोंडावर फेकायचा होता. मी इकाम्याचा विचार केला, सिमोनाच्या बारावीचा विचार केला, आणि दार लावून बाहेर आले. हेही लिहून ठेवते. माझी नोकरी आजही आहे.

ती पॅन्ट्रीत तिचा मग धूत होती. दुसरं सामान नव्हतंच तिच्याकडे. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं की मी वाचलं, शुक्रवारी, दुसरं कडवं, सगळ्यांसमोर, अख्खं. तिने नळ बंद केला.

"वन्समोर?" तिने विचारलं. हा एक मराठी शब्द ती शिकली होती, आणि तो इंग्रजी आहे हे तिला सांगायला मला जमलं नव्हतं.

"नाही."

"टाळ्या?"

"नाही."

"पाणी दिलं कोणी?"

"नाही."

तिने मग पुसून पिशवीत टाकला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"खलास," ती म्हणाली. "मग या वेळी बरोबर वाचलंस."